दुपारचा पाहुणा

हसायचं तर हसा गं, पण आधी पुरतं ऐकून घ्या. आपल्या गाणगापुरात दत्तमहाराज दुपारी कुणाच्या रूपात भिक्षेला येतील, नेम न्हाई. म्हणून दारात आलेल्याला रिकामं धाडायचं न्हाई. परवा दुपारी माझ्या दारात एक काळं कुत्रं येऊन बसलं. घरात भाकरी नव्हती. पुण्याची नात ठेवून गेलेलं चॉकलेट होतं, तेच घातलं.

शेजारची कमळाअक्का ओरडली, "आगं, इख असतंय ते कुत्र्याला! मिठाचं पाणी पाज, ओकून टाकंल!"

महाराजांना इख घातलं की काय! जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"मीठ अजिबात पाजू नका," डॉक्टर म्हणाला. "चॉकलेट काळं, कडू होतं का दुधाचं?"

"दुधाचं. बोटाएवढा तुकडा."

"कुत्रं केवढं हाय?"

"वासराएवढं."

"मग घाबरू नका. पाणी ठेवा, नजर ठेवा. ओकायला, थरथरायला लागलं तर लगेच घेऊन या. पण आजी, भाकरी सोडून चॉकलेट कामून घातलंत?"

"एकटीसाठी कोण चूल पेटवतंय, बाबा?"

अन् मी फोन ठेवला.

सांजपातूर मी त्या कुत्र्याजवळ बसून राहिले. त्याला काय बी झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी परत दारात हजर!

आता रोज भाकरी थापते. त्याला घालते, अन् मी बी ताट घेऊन समोर बसते. पाहुण्याला एकट्यानं जेवायला लावू नये, व्हय की न्हाई?