आतून धुतलेली बॅटरी

मुकुल : …आणि इथे, तारखेच्या खाली, तुझी सही. मराठीत केलीस तरी चालेल.

इंदू : काय लिहिलंयस ते एकदा वाच.

मुकुल : आई, आत्ताच तर वाचलं.

इंदू : हिंदीत भरभर वाचलंस. आपल्या भाषेत सांग.

मुकुल : बरं. माझे पती वासुदेव, वय शहात्तर, राहणार रामघाट, कार्तिकस्नान करून पहाटे परत येत होते. हातात छोटा टॉर्च होता, सुशांतच्या दुकानातला. पाण्याने याला काही होत नाही, असं सांगून त्याने तो दिला होता. बालाजी घाटाच्या पायऱ्या चढताना टॉर्च बंद पडला, पाय घसरला, डोक्याला मार लागला आणि ते जागीच गेले. एवढंच आहे. खोटं काहीच लिहिलेलं नाही.

इंदू : सुशांतचं नाव किती वेळा आहे त्यात?

मुकुल : जितक्या वेळा लागतं तितक्या वेळा. तक्रार त्याच्यावरच आहे.

इंदू : तुमच्या दोघांच्या मुंजी एका मांडवात लागल्या होत्या.

मुकुल : म्हणूनच तर. नागपूरहून मी मुद्दाम त्याला फोन केला होता. म्हटलं, गल्लीतल्या दिव्यांचा काही भरवसा नाही, बाबा मोबाइलला हात लावत नाहीत, मुठीत मावेल असा एक चांगला टॉर्च घरी नेऊन दे. परक्याला सांगितलं असतं तर मनाला एवढं लागलं नसतं.

इंदू : त्या दिवशी तू त्याला खांदा देऊ दिला नाहीस.

मुकुल : नाही दिला. आणि मला त्याचा पस्तावा नाही. सही कर आई. चार वाजता वकिलांनी बोलावलंय, उद्या माझी गाडी आहे. काल तेरावं झालं, आता किती दिवस थांबू?

इंदू : मी सही करणार नाही.

मुकुल : तुला त्याची दया येते.

इंदू : दया नाही रे. मला लाज वाटते.

मुकुल : कसली लाज?

इंदू : ती बॅटरी मी धुतली होती.

मुकुल : धुतली म्हणजे? पुसली?

इंदू : धुतली. जाताना हे ती हातात धरायचे, पण न्हाऊन, कळशी भरून, सोवळ्यात परत येताना शिवायला तयार नव्हते. कुठल्या कारखान्यातली, कुणाकुणाच्या हातातून आलेली, आणि कळशीत देवाचं पाणी. बॅटरी कमरेला पिशवीत बांधून अंधारात पायऱ्या चढायचे. मला कळलं तेव्हा मी मागेच लागले. रडलेसुद्धा. शेवटी म्हणाले, पूजेची उपकरणं धुतेस तशी धू, मग धरतो.

मुकुल : आणि तू धुवायला लागलीस.

इंदू : रोज संध्याकाळी, नळाखाली. सुशांतने सांगितलंच होतं की वरून पाणी पडलं तरी चिंता नको. आठ दिवस काही झालं नाही. हे उजेडात यायचे, मला बरं वाटायचं. नवव्या दिवशी म्हणाले, वरून धुतेस, आतलं काय?

मुकुल : बाबा असं म्हणाले?

इंदू : आता वाटतं, थट्टा करत असतील. थट्टा करतानाही त्यांचा चेहरा तसाच असायचा. पन्नास वर्षांत मला ओळखता आला नाही.

मुकुल : मग काय केलंस तू?

इंदू : मागचं झाकण फिरवून काढलं. सेल बाहेर काढले. आत गंगाजल घातलं, हलवलं, उपडी ठेवली. सेलही धुतले. पदराने सगळं पुसून परत बसवलं. लावून बघितली मुकुल, लागली. पहाटे दारातून निघाले तेव्हाही लागली. वळणापर्यंत उजेड मला दिसत होता. म्हणून मी खुशाल आत येऊन चहाचं आधण ठेवलं.

मुकुल : चौदा दिवस झाले. एकदाही बोलली नाहीस.

इंदू : तू स्टेशनवरून आलास तो, टॉर्च सुशांतचाच ना, सुशांतचाच ना, असं विचारतच आलास. तेव्हा तोंड उघडवेना. मग तिरडीपाशी ते खांद्याचं झालं आणि सगळं माझ्या हातातून गेलं. रोज वाटायचं, आज सांगते. त्या पोराच्या आड लपून मी नवऱ्याचं तेरावं घातलं.

मुकुल : कागद फाडतो मी. पण हे या घरातच राहू दे. बाहेर कळलं तर लोक तुला जगू देणार नाहीत.

इंदू : मी त्याला बोलावलंय.

(सुशांत दारात येतो. चपला काढतो, पण उंबऱ्याबाहेरच थांबतो.)

सुशांत : काकू, तुम्ही बोलावलंत? मुकुल असेल तर मी बाद में येतो.

इंदू : आत ये. त्याच्यासमोरच सांगायचंय. सुशांत, तुझ्या बॅटरीत काही खोट नव्हती. मी ती उघडून आतून धुतली.

सुशांत : माहीत आहे काकू.

मुकुल : काय माहीत आहे?

सुशांत : पहाटे नाववाल्याने हाक मारली, मी धावत गेलो, तर टॉर्च काकांच्या बाजूलाच पडला होता. बंद का झाला म्हणून तिथेच खोलून बघितला. आत पाणी होतं, मतलब थोडंसंच, आणि तुळशीचं पान चिकटलेलं. समजून गेलो.

मुकुल : आणि गप्प बसलास? मी गल्लीभर तुझं नाव घेत फिरत होतो.

सुशांत : काय बोलणार यार? काका गेले, त्याच दिवशी काकूंना येऊन हे सांगू? दुकानाचं काय, आज लोक येत नाहीत, पुढे येतील. आणि पाण्याची चिंता नको, हे मीच बोललो होतो ना. झाकण खोलू नका, हे नाही बोललो. कोणी आतून धुवेल, असं मनातच आलं नाही.

इंदू : माझ्यासाठी एवढं कशाला सोसलंस रे?

सुशांत : तुमच्या हातचं खाऊन मोठा झालो काकू. दुसरं काय करणार होतो?

मुकुल : मी तुला हाताने मागे ढकललं. सगळ्यांच्या समोर.

सुशांत : हां.

मुकुल : ते मी आता कसं भरून काढू?

सुशांत : ते नाही होत मुकुल. काका एकदाच गेले.

मुकुल : नंतर तू घरी गेलास?

सुशांत : घरी कसा जाणार? तुमच्या मागे मागे येत होतो, मणिकर्णिकेपर्यंत. सगळं होईपर्यंत वरच्या पायरीवर बसलो. परतताना पण तुमच्या मागेच होतो, दहा-बारा पावलांवर.

मुकुल : मला दिसला नाहीस.

सुशांत : कसा दिसणार? तिथून परतताना मागे वळून बघायचं नसतं ना.