पडद्यावरची खूण

नाही साहेब, बसा नाही म्हणत मी आज. वसंतची माय आहो, पण आज तुमच्यासाठी चहा नाही टाकत. तो कागद पहिले मले वाचून दाखवा — काय म्हणता, नुस्ती सही? नुस्ती सही कधी नसते! ‘माझ्या निष्काळजीपणामुळे कुही तालुक्यातल्या शेतकऱ्यांची धानाच्या बियाण्याची यादी पुसली गेली’ — असंच लिहून आहे नं? म्हणजे पोराची नोकरी गेली.

आता माझं ऐका. तुमच्या बियाणं संस्थेत दिवाळीले जो कॉम्प्युटर आला, त्यात याद्यायचे दोन ठिकाणं आहेत — एक खरं, एक शिकाऊ लोकायच्या सरावाचं. हो, चुलीपाशी बसते तरी समजते मले! दोन्हीकडं पडद्यावर हुकूम टाइप कराच्या जागी तेच एक डॉलरचं चिन्ह. आपण आहो कुठं, कसं समजावं? माझ्या घरी उपासाचं सैंधव अन् रोजचं मीठ सारख्याच बरण्यांत राहते — पण सैंधवाच्या बरणीले मी लाल दोरा बांधते. बत्तीस वर्षांत उपास नाही मोडला. ते पाहूनच वसंतनं केलं — त्या चिन्हाआधी एकीकडं ‘सराव’, दुसरीकडं ‘खरी यादी, सांभाळून’, इंग्रजी अक्षरांत. चार महिने एक नाव तरी इकडचं तिकडं झालं? नाही झालं. अन् तुम्ही काय म्हटलं त्याले, साऱ्यांसमोर? ‘हे ऑफिस आहे का तुझ्या मायचं देवघर?’ वरचे साहेब पाहाले येणार म्हणून खूण काढाले लावली. खूण गेली, अन् चौथ्याच दिवशी सरावाची समजून खरी यादी पुसली पोरानं.

तो तर खूण काढतच नव्हता! दोन दिवस अडून बसला — म्हणे माय, घात होईन. मीच म्हटलं, साहेबाच्या तोंडी लागू नको, माझी शपथ आहे तुले. सोळा सोमवार धरले नं मी, तो पर्मनंट व्हावा म्हणून — चौदा झाले होते — वाटलं, आता दोनासाठी काहून…

काय? हासून काहून राहिले? ‘मग चूक तुमच्या घरातलीच’?

हो. आहे माझी. महादेवापुढं सांगन मी. पण हुकूम तुमचा होता साहेब, अन् तो या कागदावर कुठंच नाही. वसंत, पेन खाली ठेव. ठेव म्हटलं नं! हे पाहा, आज माझा पंधरावा सोमवार आहे, तोंडून वाईट शब्द काढाले नका लावू.

उचला कागद. चपला बाहेर आहेत तुमच्या.