एक टक्का काही संपेना

…आणि वर मलाच म्हणते, "आई, नुसता आकडा आहे तो, चावतोय का तुला?" चावतोय म्हणजे? तुम्हाला सांगते, विंचू परवडला, तो एकदा चावून मोकळा होतो, हा सकाळपासून डसत असतो. इतकी वर्षं माझ्या फोनच्या कोपऱ्यात बॅटरीचं एवढंसं चित्र होतं. भरलेलं दिसलं की भरलेलं, लाल झालं की लावायचं चार्जिंगला, विषय संपला. पण लेकीला आईचं सुख बघवेना. रविवारी आली, सेटिंगमध्ये शिरली, कुठलंसं बटण सरकवलं आणि म्हणाली, "हे बघ, आता नेमकी किती टक्के उरलीय ते कळेल तुला." म्हटलं, कळून काय करू? तर म्हणे, "निर्धास्त राहा." निर्धास्त… चित्र होतं तेव्हा बरं होतं हो.

सोमवारी कामाला निघाले तेव्हा शंभर होते. पूर्ण शंभर. अंगावर मूठभर मांस चढलं, शाळेत कधी शंभर पाहिले नव्हते मी. जिना उतरते तो नव्व्याण्णव. अहो, मी काही केलं नव्हतं, नुसता जिना उतरले होते. बसमध्ये सत्त्याण्णव. मग काय, पर्समधून काढायचा, बघायचं, ठेवायचा, परत काढायचा. आता बघायचं म्हणजे स्क्रीन लागणार, स्क्रीन लागली की बॅटरी जाणार, बॅटरी गेली की आकडा उतरणार, आणि आकडा उतरला की मी परत बघणार… मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, नावं लिहून घ्यायची आणि एकेकाला आत सोडायचं, त्यामुळे हा रोग मला चांगला ठाऊक आहे. दुखऱ्या दाताला जीभ लावू नका म्हटलं की माणूस पहिली जीभच लावतो.

चार वाजेपर्यंत कुणाला फोन केला नव्हता, कुणाचा आला नव्हता, आणि बॅटरी अकरा टक्के. नुसती बघून बघून संपवली मी. दवाखान्यात तीन चार्जर, तिन्हींची तोंडं वेगळी, माझ्या फोनला एकही बसेना. आणि दवाखान्याच्या फोनवर घरचं बोलायचं नाही, हा डॉक्टरीणबाईंचा नियम. चित्र होतं तेव्हा बरं होतं.

तेवढ्यात ताईचा फोन.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. फार जीव लावते हो, इतका लावते की समोरच्याचा गुदमरतो. आमच्या समोरचा ब्लॉक रिकामा झालाय, दाराला दार, आणि तो ताईला भाड्याने घ्यायचाय. हे ऐकल्यापासून आमचे हे दाढीसुद्धा हळू आवाजात करतात. मला म्हणाले, "तुझी बहीण, तूच नको म्हणून सांग." आता कसं सांगू? आठवडाभर आडून आडून सांगतेच आहे. ताई, तो ब्लॉक जरा अंधाराच आहे गं. ताई, वरचे खुर्च्या फार ओढतात गं. तर ती म्हणते, "तू आहेस ना समोर? मग झालं."

तर सोमवारी ताई म्हणाली, "अगं, घरमालकाकडेच बसलेय. चहा करायला आत गेलाय बिचारा. चहा घेते, हो म्हणते आणि किल्ली घेऊन निघते." म्हणजे बघा, माझ्या हातात उरला एक चहा आणि अकरा टक्के.

फोन कानाला लावला की आकडा दिसत नाही, आकडा बघायचा तर ताई ऐकू येत नाही, म्हणून टाकला स्पीकरवर. समोर बाकावर गाल सुजलेले एक काका आणि नुकतीच भूल दिलेली एक बाई, दोघंही कान टवकारून. ताई पडद्यांच्या रंगावर आली तेव्हा नऊ. "तुझा नवरा किती वाळलाय, मी आले की बघते," तेव्हा सहा. "तुझ्या स्वयंपाकघरातले डबे पहिल्या दिवशी नीट लावून देते," तेव्हा तीन. आणि मग एक.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी अंगात काय संचारलं कोण जाणे. म्हटलं, आता हा बंद पडणार. म्हणजे आपण बोलायचं आणि उत्तर ऐकायलाच लागणार नाही, अशी संधी जन्मात परत यायची नाही. डोळे मिटले आणि म्हणून टाकलं, "ताई, नको येऊस. तू आलीस की मी पन्नाशीची राहतच नाही, आठ वर्षांची होते. मला माझे डबे माझ्या जागी हवेत."

आणि थांबले. आता जाईल… आता जाईल… एक डोळा किलकिला केला. एक टक्का.

काका सुजल्या गालातून म्हणाले, "फाबाफ." ताईनं विचारलं, "कोण आहे गं तिथे?" आवाज ओला.

अहो, सकाळी जिना उतरले तर एक टक्का गेला होता! आता तोच एक टक्का जाईल तर शपथ. ताई नाक ओढतेय, एक. ताई म्हणतेय, "दिवसभर भिंतींशी बोलते गं मी. वाटलं, तुझ्या दारात आले तर निदान कुणी हूं तरी म्हणेल," एक. माझं धाडस होतं दोन सेकंदांपुरतं आणि हा मेला पुरून उरला. मी म्हटलं, तसं नाही गं ताई. एक. म्हटलं, तसा काही फार अंधारा नाहीये तो ब्लॉक. एक. खुर्च्याही रोज नाही ओढत ते लोक. एक. भूल दिलेली बाई रडायला लागली, पाणी कुठून ओघळतंय ते तिचं तिला कळेना. चित्र होतं तेव्हा बरं होतं, निदान गप्प तरी बसले असते मी.

शेवटी ताई म्हणाली, "राहू दे बाई. चहा न घेताच उठते मी." तर मीच ओरडले, "बैस खाली. चहा घे आणि आधी किल्ली घे."

"नक्की?"

"नक्की."

"मनापासून?"

"अगं हो, मनापासून."

तेव्हा कुठे फोन बंद पडला. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मघाचं शाब्बास परत मागताहेत.

आता ताई समोर राहते. आमचे हे दोन किलोंनी वाढलेत आणि खुशीत आहेत, फितूर माणूस. माझ्याच घरात साखर कुठे आहे ते मला समोर जाऊन विचारावं लागतं. आणि रोज संध्याकाळी बेल वाजते, "आण इकडे तो फोन, तुला बाई चार्जिंगचं भानच नाही," म्हणते आणि घेऊन जाते, सकाळी मी कामाला निघाले की आणून देते. त्यामुळे घरी असले की माझा फोन शंभर टक्के भरलेला असतो… म्हणे. मला कुठे बघायला मिळतोय.