शिवांजलीच्या दहा कॅप्सूल

मी, नाथाजी आकाराम पानस्कर, वय ३९, धंदा मधपाळ, राहणार तळीवाडी, ता. पाटण, जि. सातारा. पत्नी शिवांजली हिच्या मृत्यूच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून ठाण्यात समक्ष सांगतो की,

माझ्याकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या आहेत. मी त्यांना जिवापाड जपतो, गावात कुणालाही विचारा. यंदा डोंगरात कारवीची झुडपे फुलली. ती सात वर्षांनी एकदाच फुलते, तिच्या मधाला मोठा भाव मिळतो.

दि. १२ सप्टेंबर रोजी सर्वांत जोमाच्या पेटीतल्या अळ्या पिवळ्या पडून कुजताना दिसल्या. त्याच दिवशी शिवांजलीला तापावर दवाखान्यातून कागदी पुडीत दहा कॅप्सूल मिळाल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी मला दोनदा बजावले.

मित्र गुंडा हाही मधपाळ. फोनवर औषधाचे नाव ऐकून तो म्हणाला, "गड्या, ह्येच माश्यास्नी चालतंय. पाकात कालव. एकीनं पिलं की तोंडातनं तोंडात सगळ्यास्नी पोचतंय, अळ्यास्नी बी."

पाटणच्या दुकानात जायचे तर माझा दिवस मोडला असता. मी दहाही कॅप्सूल उघडून पूड साखरेच्या पाकात कालवली. माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून पाकाची करवंटी पेटीत ठेवली. रिकाम्या कॅप्सूलमध्ये पिठीसाखर भरून पुडी होती तशी बांधली. आई बघत होती. म्हणाली, "कारवी सात वर्सांनी येती. ताप काय, दरसाल येतोय."

शिवांजली कॅप्सूल वेळेवर घेत होती. पाणी मीच देत होतो. दि. १५ रोजी दवाखान्याच्या आशाताई चौकशीला घरी आल्या. त्यांनी विचारले, "गोळ्या घेतीस न्हवं?" शिवांजली म्हणाली, "व्हय, एक बी चुकली न्हाई." मी शेजारीच उभा होतो.

दि. १७ रोजी तिला उठता येईना. मग मात्र मी घाबरलो. माश्यांनी औषध वरच्या मधातही नेले असणार, असा विचार करून त्याच पेटीतला दोन चमचे मध तिला चाटवला. तिने विचारले, "आवं, माश्या बऱ्या झाल्या न्हवं?" मी व्हय म्हणालो. जीपमध्ये घालून नेताना ती वाटेत वारली.

आज सकाळी पेटी उघडून पाहिली. अळ्या पांढऱ्याशुभ्र आहेत. औषध एकीलाही चुकलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच लिहिला आहे, खरा आहे. उजेड आहे तोवर पेटीतली पाकाची करवंटी भरायची आहे, तरी लवकर सोडावे.