झुळूक साहेबांना दिली नाही

हॅलो?… हॅलो, कोण?… हं, तू होय. बोल गं… अगं हळू! कानात ओरडू नकोस, मला ऐकू येतं अजून. माझा खुबा गेलाय, कान नाही…

हो. आले होते ना. सकाळीच आले. तुझ्या नवऱ्याचे साहेब आणि सोबत तो ट्रेनर, हात मागे बांधून चालणारा… बरं मग?… तुला फोन केला त्यांनी? काय म्हणाले?…

'हाकलून दिलं'?… साफ खोटं. हाकलून नाही दिलं. घोडीवरून खाली उतरवलं. दोन्हींत फरक आहे.

कुठे म्हणजे? रानाच्या त्या टोकाला, पाटाजवळ… हो, चिखल आहे तिथे. पाट फुटलाय ना परवापासून… चालत आले, आणखी कसे येणार? मी काय मेणा पाठवायला हवा होता?…

अगं ऐक ना. ऐकून तर घे आधी. मग काय ओरडायचं ते ओरड.

मी त्यांना चांगलं सांगितलं होतं, टाचांना लावलेले ते लोखंडी काटे काढा. झुळूकला लागत नाहीत, ती नुसत्या शब्दावर चालते. 'हो हो' म्हणाले. काढले. मी चहा ठेवायला आत वळले, तेवढ्यात पुन्हा लावले… हो, मी पाहिलं. खिडकीतून. माझे डोळेही शाबूत आहेत… आणि वर बसल्या बसल्या लगाम खेचायला सुरुवात. खेच, सोड, खेच, सोड. बिचारीचं तोंड उघडं पडलं. कधी कुणी तिच्याशी असं वागलेलंच नाही, तिला कळेना काय चुकलं आपलं. गेली तशीच पाटापर्यंत. आणि इकडे ट्रेनर माझ्या शेजारी उभा राहून मला काय सांगतोय माहितेय? म्हणतो, 'हिची चाल मोडावी लागेल.'…

मोडावी लागेल! माझ्या दारात उभा राहून!… अगं, साहेबांच्या मुलीला उड्यांच्या स्पर्धेत उतरायचंय. तिथे ही चाल चालत नाही. म्हणे पुढच्या पायांत जड नाल ठोकू, घोट्यांना साखळ्या बांधू, महिन्याभरात सरळ दुडकीवर येईल… मला हसून सांगत होता गं. आनंदाची बातमी असल्यासारखी.

'त्यात काय एवढं'?… त्यात काय एवढं, असं तू विचारतेस? तू? शहरात राहून विसरलीस का रवाल म्हणजे काय ते? चारी पाय एकामागून एक पडतात, वर बसलेल्याला गचका म्हणून बसत नाही. लहानपणी तुला तापात दवाखान्यात नेलं होतं, हिच्या आईच्या पाठीवर. माझ्या मांडीवर झोपली होतीस. दवाखाना आला तरी जागी झाली नाहीस. ती चाल आहे ही. हिच्या आजीपासून मी जपत आणलेली. आणि ते मोडायला निघालेत, साखळ्या बांधून.

मग? मग काय, शीळ घातली… इथूनच, ओट्यावरून. झुळूक जागच्या जागी उभी. साहेबांनी टाचा मारल्या, ती ढिम्म. मी ओरडले, 'उतरा!'… नाही, 'साहेब' नाही म्हटलं. नुसतं 'उतरा'… उतरले ना. दुसरी शीळ घातली, घोडी एकटी परत आली. साहेब मागून. सावकाश.

बढती?… आता बढतीचं काय इथे?… ती काय घोडीच्या शेपटीला बांधलीय?… शब्द तू दिला होतास, मी नाही. मी म्हटलं होतं, बघायला येऊ दे. बघायला!… मी 'हो' कधी म्हणाले?… 'हं' म्हणाले असेन. 'हं' म्हणजे 'हो' नाही गं. 'हं' म्हणजे ऐकतेय…

थांब. एक मिनिट थांब, फाटकाशी ट्रक आलाय… ट्रक गं, मोठा. मागे फळी लावलेला… साहेबांनी धाडलाय? म्हणजे बघायला येतानाच ट्रक सांगून ठेवला होता?… आणि तुला माहीत होतं. छान. छान हं.

अहो भाऊ! तिथेच थांबवा, वाफ्यात चाक घालू नका!… कुणाला न्यायला आलात?… घोडी नाहीये… नाहीये म्हणजे नाहीये. गेली… हो हो, बघा आत जाऊन, दार उघडंच आहे. खराऱ्याचा ब्रश तेवढा दिसेल… तुमच्या साहेबांना सांगा, तुम्ही आलात, मी रिकामा तबेला दाखवला. तुमची काही चूक नाही… हो, नळ तिकडे आहे, पाणी घ्या.

हं, बोल… काय कुठे गेली? दिली मी तिला… आजच. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत फोन लावला… जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना… त्याच. दुसऱ्या कुठल्या असणार इथे?… उद्धट असेल. आहेच. तुला उद्धट बोलली होती कारण तुझा कुत्रा जाडा होता आणि ती त्याला जाडा म्हणाली…

अगं, अविचार कसला? खुब्यामुळे मला तिचं करणं होईना, तेव्हापासून दोन महिने माणसं पारखतेय मी तिच्यासाठी. एकाला फोटो काढायला हवी होती. फुलांच्या माळा घालून बागेत उभी करायची म्हणे. एक नवं जोडपं आलं, तिला पाहून दोघंही कारमधून खालीच उतरेनात. 'चावते का हो?', काच अर्धी खाली करून. एक तो पैलवान. त्याला बसू दिलं असतं तर माझ्यासारखा तिचाही खुबा गेला असता… हसू नकोस, मी चिडलेय.

आणि डॉक्टरीण… तुला माहीत नाही का? तिची जीप उलटली होती ना, तेव्हापासून पाठीत पट्ट्या आहेत तिच्या, स्क्रू लावून बसवलेल्या. त्याआधी घोड्यावरून फिरायची सगळीकडे. नंतर दोनदा बसून पाहिलं कुणाकुणाच्या घोड्यांवर. दुडकीचे गचके बसले की आठवडाभर अंथरुणात. सोडून दिलं शेवटी. वरच्या वाड्यांना जीप जात नाही, तर पाठ धरून चालत जाते, खांद्याला बॅग अडकवून. एखादी मेंढी अडली की हिला पोचेपर्यंत अंधार पडतो…

तेच सांगतेय. गेल्या आठवड्यात झुळूकचे दात बघायला आली होती. मी म्हटलं, बस. नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं बस तरी. जरा तोडूनच बोलली मला, 'मला भीती वाटते, कळत नाही का?' तिला भीती वाटते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मी नुसतं खोगीर घातलं आणि झुळूकला ओट्याला लावून उभी केली… तीही उभी राहिली बराच वेळ. मग बसली.

पहिला फेरा श्वास रोखून. चेहरा पांढराफटक. मी मनात म्हटलं, हिला काही झालं तर मी काय करणार, मला तर धावताही येत नाही. दुसऱ्या फेऱ्याला खांदे खाली आले. तिसऱ्या फेऱ्याला… अगं, ती हसली. दात दाखवून. इतकी वर्षं ओळखते मी तिला, तिला पुढचे दात आहेत हेच मला माहीत नव्हतं.

उतरली आणि म्हणते कशी, 'मला नको. मी पुन्हा पडले तर?' तेव्हा गेली निघून. आज फोनवर मी एवढंच म्हटलं, तू नाही नेलीस तर हिची चाल मोडणार आहेत. अर्ध्या तासात दारात… अट? एकच. जमेनासं झालं तर परत माझ्याकडे आणायची, तिसऱ्या कुणाला द्यायची नाही. बास.

आता परत कसली आणायची?… नाही… नाही म्हटलं ना. साहेबांनी माझ्या दारात येऊन गुडघे टेकले तरी नाही. चिखलाचे गुडघे धुऊन टेकले तरीही नाही.

काय?… कुठली खोली?… तुमची मागची? ती रिकामी केलीस?… रंगही दिला?… कुणाला विचारून गं?… हो, घोडी गेली. म्हणून मीही जायचं? अगं, मी घर घोडीला शोधत होते, स्वतःला नाही. माझं घर आहे मला. आत्ता त्याच्याच ओट्यावर बसलेय… खुब्याचं ऑपरेशन होईल तेव्हा येईन ना. महिनाभर. पाहुणी म्हणून. माझी उशी मी घेऊन येईन, तुमच्या उशा फार मऊ. मग परत… एकटी कसली, डॉक्टरीणबाईंचा गोठा टेकडीपलीकडे आहे, रोज सकाळी मोटारसायकल पाठवीन म्हणालीय. खरारा मीच करणार. तिला नीट येत नाही, पोटाखाली हात फिरवायला विसरते…

हॅलो?… कोण?… अरे, जावईबापू? बोला… हो. पाटापासून… गुडघ्यापर्यंत होता ना चिखल. डावा बूट रुतला मध्येच, ट्रेनर ओणवा होऊन काढत होता… तुम्ही हसताय?… अहो, हसताय तुम्ही? आणि बढतीचं?… म्हणजे घोडीबद्दल तुम्ही बोललाच नव्हतात त्यांच्याशी?… हिने परस्पर?… अस्सं. पार्टीत… बदली करतील का हो तुमची?… 'करू देत'?… शाब्बास! आज तुम्ही मला खरंच आवडलात… नाही, आधीही आवडायचात. जरा कमी… द्या, तिला द्या फोन.

हं… आहेस ना?… बोल की… रागावलीस?… मग?… अगं… हं… हं… तुला झुळूकला भेटायचं होतं. जाण्याआधी… ते नाही सुचलं गं मला. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त साखळ्या होत्या… ये ना. रविवारी ये. टेकडीपलीकडे गेलीय, चंद्रावर नाही. दोघी जाऊ आपण.

कशी गेली?… चांगली गेली. डॉक्टरीण वर बसली, मी फाटक उघडलं. मानेवर थोपटलं. काही बोलले नाही, बोलले असते तर तिथेच थांबली असती. वळणापर्यंत टापा येत होत्या ऐकू. सगळ्या एकसारख्या, एकही जड नाही. मग नाही आल्या…

मागे?… नाही पाहिलं तिने… नाही, एकदाही नाही. मी बघत होते ना, शेवटपर्यंत… वाईट? वाईट कशाचं वाटायचंय? मागे वळून पाहिलं असतं ना तिने, तर मी हा खुबा ओढत गेले असते आणि घेऊन आले असते परत. सांगून ठेवते… कान पुढे होते तिचे, बाळ. दोन्ही. ताठ. पुढे काय आहे ते बघायचं होतं तिला.

हो… हो, मी ठीक आहे… ठीक आहे म्हणतेय ना! किती वेळा विचारशील?… रविवारी ये. बूट जुने घाल. ठेवते.