छपरातून पडणारा थेंब

जुन्या आइस हॉकी हॉलमधला शेवटचा सामना होता. मध्यंतरात हेल्वी कॉफीच्या रांगेत उभी होती. तिचा मुलगा पाहुण्या संघातून खेळत होता. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

“नवा हॉल झकास आहे, तौनो. गळती नाही.”

“मग जिंकणार कसे?”

“म्हणजे?”

“इथं उजव्या गोलसमोर थेंब पडतो, बर्फावर टेंगूळ येतं. आपली पोरं वळसा घालतात, पाहुणे तोंडावर आपटतात.”

“पण दर उन्हाळ्यात तूच छप्पर दुरुस्त करायचास ना?”

“एकदम पक्कं.”

“मग हिवाळ्यात परत कसं गळायचं?”

“शिडी माझ्याकडेच असायची.”

“अरे, आज तरी राहू द्यायचं. शेवटचा सामना.”

“म्हणून तर सकाळीच चढून आलो.”

हेल्वी रांग सोडून खेळाडूंच्या खोलीकडे निघाली.