सत्तेचाळिसावा थर

...अहो नाही, छप्पर नाही गळत! छपराचं काय, पत्रा टाकला की झालं. करंट गळतोय, करंट! तुम्हाला सांगतो, तीन वर्षं मी एकच काम करतोय. घडी घालता येईल अशा पडद्यातले ट्रान्झिस्टर असतात ना, त्यांच्यासाठी पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा, थर बनवायचा, केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ, आणि त्या थराने आयुष्यात फक्त एवढंच करायचं, की करंट पलीकडे जाऊ द्यायचा नाही. तेवढंही जमत नाही मेल्याला! थेंब टाका, चकती गरगर फिरवा, थर भाजा, मीटरला जोडलेली सुई थरावर टेकवा... गळतंय! धुळीचा एक कण बसला, पडलं भोक, गळतंय!

आणि सासरे आमचे निवृत्त वायरमन. "जावईबापू, साध्या प्लास्टिकमधून वीज जात नाही. तुमच्या प्लास्टिकमधून जाते. मग तुम्ही तीन वर्षं नक्की करता काय?"

त्यात पीएचडीच्या गाइड मॅडम! "शुक्रवारपर्यंत एक न गळणारा थर दाखव, नाहीतर विषय बंद, तू मोकळा." मोकळा म्हणे! डोक्यावर केस राहिले नाहीत, पदवी नाही, आणि मोकळा!

गुरुवारी सत्तेचाळिसावा थर. मीटर बघतो तर शून्य! पुन्हा बघतो, शून्य! अहो, मी नाचलो, एप्रनसकट! मॅडमना फोन, बायकोला फोन, जेवताना सासऱ्यांसमोर छाती फुगवून, "शून्य!" ते शांतपणे घास चावत म्हणाले, "आमच्याकडे मीटरने शून्य दाखवलं, की आम्ही आधी वायर जोडलीय का बघायचो." मी हसलो. इतका हसलो, की बायकोने चिमटा काढला, तरी हसतच होतो!

शुक्रवारी मॅडम, दोन पाहुणे तज्ज्ञ, आणि मी इस्त्रीच्या शर्टात. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला... "अरे, सुई टेकलीच नाहीये." केसभर वर, हो! हवेतून करंट जात नाही, हा शोध मी लावला होता! मी सुई टेकवली, आणि... सांगायलाच हवं का? गळतंय!

लाजेने मी सगळं बोलून गेलो, सासऱ्यांचं वायरचं वाक्यसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "एक महिना वाढवून देते. पण सोमवारी त्यांना सोबत घेऊन ये."

सासरे तयारच आहेत. काल विचारत होते, "येताना चिकटपट्टी आणू का?"

आणि तुम्हाला सांगतो, मी नको म्हणालो नाही!